निवडणूक दाराशी नसतानाच कायदा बदला : महाराष्ट्र विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे नियम दर सरकारागणिक बदलणे थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत निवडणुकीच्या ड्युट्या किती केल्या याचा हिशोब ठेवणं मी केव्हाच सोडलं. साहित्यवाटपाच्या मंडपात नाव पुकारलं की पिशवी उचलायची, एसटीत बसायचं, रात्री कुठल्याशा शाळेत दोन बाक जोडून पाठ टेकायची आणि पहाटे पाचला उठून अभिरूप मतदानाची तयारी करायची. मतदान अधिकारी क्रमांक तीनपासून केंद्राध्यक्षापर्यंत सगळ्या खुर्च्यांवर बसले. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते पेपर वाचून सुचलेलं नाही, टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

नगरपरिषदांचा गुलाल डिसेंबर २०२५ मध्ये उधळला, महापालिकांचा जानेवारी २०२६ मध्ये. हार झाले, गाड्यांचे ताफे झाले, महापौरपदाची गणितं झाली. आणि मग शांतता. एवढी वर्षं या निवडणुका का रखडल्या होत्या आणि पुन्हा रखडू नयेत म्हणून कायद्यात काय बदलायचं, हा विषय सभागृहात कुणी लावून धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो आत्ताच घ्यायला हवा. निवडणूक तोंडावर आली की प्रत्येक दुरुस्तीत कुणाचा फायदा, कुणाचा तोटा हे दिसू लागतं, आणि मग तुमच्यातला भला माणूससुद्धा पक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आज पुढची महापालिका निवडणूक लांब आहे. कोण सत्तेत असेल हे कुणालाच ठाऊक नाही. नियम लिहायला याहून चांगली वेळ येणार नाही.

माझं पहिलं गाऱ्हाणं वेळेचं. राज्यघटनेने, १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने, पंचायती आणि नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं स्वच्छ लिहिलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात ही मुदत पाळावीच लागेल असं बजावलं. तरी मुंबईत २१ फेब्रुवारी २०१७ नंतर मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ नऊ वर्षं. नवी मुंबई, कोल्हापूर आणि आताचं छत्रपती संभाजीनगर या महापालिका तर २०२० पासूनच प्रशासकांच्या हाती होत्या. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. तुमच्या विधानसभेत तीन वर्षं एकही आमदार नसताना राज्याचा अर्थसंकल्प सचिवांनीच मांडला आणि सचिवांनीच मंजूर केला, तर तुम्ही काय म्हणाल?

आमच्या शहरात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेज उलटं वाहू लागलं. अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मॅडम, नगरसेवकाचं पत्र जोडलंय का?" मी म्हटलं, "नगरसेवकच नाहीत हो, कुठून आणू?" तर म्हणाला, "मग माजींचं चालेल." त्याचा दोष नाही. वर्षानुवर्षांची सवय होती, आणि ती सवय किती खरी होती हे त्या पावसाळ्यात कळलं. माणूस नसला की त्याच्या चिठ्ठीला जास्त किंमत येते.

माझी भाची २०१७ च्या निवडणुकीत सतरा वर्षांची होती. नगरसेवकासाठी तिने पहिलं मत दिलं ते सव्विसाव्या वर्षी, मुलाला कडेवर घेऊन.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे : ओबीसी आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात होतं. होतं, आणि ते आरक्षण हा हक्काचा प्रश्न आहे, निमित्त नव्हे. पण मग तारखाही पाहू. स्थानिक संस्थांतलं हे आरक्षण स्वतंत्र आयोग नेमून, माहिती गोळा करूनच ठरवावं असं घटनापीठाने २०१० मध्ये सांगितलं. ४ मार्च २०२१ ला न्यायालयाने आपल्या राज्यातल्या कायद्यावर बोट ठेवलं तेव्हा ते काम झालेलंच नव्हतं. मधल्या अकरा वर्षांत आघाडीही सत्तेत होती आणि युतीही. शेवटी मार्च २०२२ मध्ये बांठिया आयोग नेमला आणि जुलैमध्ये त्याचा अहवाल आलासुद्धा. म्हणजे जे काम चार-पाच महिन्यांत झालं ते अकरा वर्षं पडून होतं. बरं, अहवाल आल्यावर तरी सुटलो का? नाही. प्रभागांच्या संख्येत पुन्हा बदल झाला, पुन्हा याचिका आल्या, 'जैसे थे'चा आदेश आला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. त्यातही ती मुदत पाळता आली नाही, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली. जिल्हा परिषदांचं तर विचारूच नका. त्यातल्या १२ च जिल्हा परिषदा पहिल्या कार्यक्रमात बसल्या. बाकीच्या बहुतेक एकूण आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेच्या वादात मागे राहिल्या.

दुसरं गाऱ्हाणं, आणि माझ्या मते हेच सगळ्याचं मूळ : नियमांचा खो-खो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये ते रद्द झालं. २०२२ मध्ये परत आलं. नगराध्यक्षाचं तेच : २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. महापालिकांचे प्रभाग २००२ मध्ये तीन सदस्यांचे, २००७ मध्ये एकाचे, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. मग २०१९ च्या अखेरीस 'एक', २०२१ मध्ये 'तीन', २०२२ मध्ये परत 'चार'. मुंबईतले प्रभाग २२७ होते, ते २३६ केले, मग पुन्हा २२७ केले. मी वर्गात पाढे शिकवत असे, त्यातसुद्धा एवढे आकडे मुलांना एका दमात ऐकवले नाहीत.

थेट सरपंच चांगला की सदस्यांतून निवडलेला, हा माझा वाद नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. थेट निवडलेल्या सरपंचाला गावाचा कौल असतो, पण बहुमत दुसऱ्या गटाचं असलं तर ग्रामसभेपेक्षा भांडणंच जास्त रंगतात. सदस्यांतून निवडला तर सहलीच्या बसेस निघतात, निवड होईपर्यंत सदस्य कुठल्या रिसॉर्टवर आहेत हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. जे काय ठरवायचं ते ठरवा, पण दोन निवडणुका तरी तेच राहू द्या. नव्या पद्धतीचं मस्टर शाईने भरून होतं न होतं तोच ती बदलते.

तिसरं गाऱ्हाणं चार बटणांचं. यावर जरा थांबते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२०१७ ची महापालिका निवडणूक. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी. चार जागा, चार मतं, आणि चारही दिल्याशिवाय बझर वाजत नाही. एक आजी आत गेल्या, एक बटण दाबलं आणि काठी टेकत दाराकडे निघाल्या. यंत्र गप्प. मी हाक मारली, "आजी, थांबा, अजून तीन राहिलीत." त्या म्हणाल्या, "मला एकालाच द्यायचंय गं. बाकीचे कोण, मला काय ठाऊक?" मी म्हटलं, "मग बाकी तीन ठिकाणी सगळ्यात खालचं, 'वरीलपैकी कोणीही नाही'चं दाबा." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना परीक्षेत नापास करते आहे. "म्हणजे नाही म्हणायलाही तीनदा बटण दाबायचं?" मागे रांग कुरकुरत होती. पोलिंग एजंट माना उंचावून बघत होते, आणि मला तर मतदान कक्षात डोकावताही येत नव्हतं. आजी परत आत गेल्या. बझर वाजला. उरलेली तीन बटणं त्यांनी कुठली दाबली ते देव जाणे. हाताला लागली ती दाबली असणार. त्या दिवशी अशा किती आजी-आजोबांना मी परत आत पाठवलं ते सांगत नाही, कारण मोजलं नव्हतं. पण घसा बसला होता.

तुम्ही विधानसभेचे सदस्य एका मतदारसंघातून एकटे निवडून येता. आपल्या देशातही सुरुवातीच्या निवडणुकांत दोन-दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, ते १९६१ च्या कायद्याने बंद झाले. त्यानंतर कुणालाही त्यांची आठवण झाली नाही. मग आम्हालाच का? आणि मुंबईकराला एक नगरसेवक, आम्हा इतर शहरवाल्यांना बहुतेक ठिकाणी चार, हा न्याय कुठला? मुंबईचा कायदा १८८८ चा, आमचा १९४९ चा, हे तांत्रिक उत्तर झालं. कायदे तुम्हीच दुरुस्त करता.

या पद्धतीची एक बाजू मी नाकारत नाही. महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. चार सदस्यांच्या प्रभागात दर वेळी दोघी निवडून येतातच, एक सदस्याच्या प्रभागात आरक्षण फिरतं आणि चांगलं काम केलेल्या बाईचा प्रभागच पुढच्या वेळी हातातून जातो. हे खरं दुखणं आहे. पण त्याचा इलाज आरक्षणाचं चक्र जास्त मुदतीचं करणं हा आहे, प्रभाग चौपट करणं नव्हे. चौपट प्रभागात अपक्षाने, एखाद्या साध्या शाळामास्तराने किंवा रिक्षावाल्याने प्रचाराला फिरायचं कसं? तिथे पॅनेल लागतं, आणि पॅनेलला पक्ष लागतो. निवडून आल्यावर चौघांच्या चार पाट्या चार चौकांत लागतात, आणि कचऱ्याची गाडी आली नाही की प्रत्येक जण उरलेल्या तिघांचा नंबर देतो.

चौथं गाऱ्हाणं तुमच्या दोन्ही बाकांना टोचेल, कारण मार्च २०२२ मध्ये तुमचं एकमत झालं होतं. प्रभागरचनेचं राज्य निवडणूक आयोगाकडचं काम तुम्ही कायदा करून सरकारकडे घेतलं. आयोगाकडे अखेरच्या मान्यतेची सही उरली. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्यानेच मैदानाच्या रेघा मारायच्या, हे शाळेच्या क्रीडास्पर्धेतही आम्ही चालू दिलं नसतं. ताज्या रचनेत आमची गल्ली नाल्यापलीकडच्या प्रभागात गेली. नाल्यावर पूल नाही. प्रचाराला आलेले उमेदवार वळसा घालून, घाम पुसत आमच्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्यात आहात हे आम्हालाच काल कळलं." केरळात हे काम परिसीमन आयोग करतो आणि त्याचे अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त असतात. तिथल्या पंचायत-नगरपालिकांच्या निवडणुका २०१५, २०२० आणि २०२५ अशा ओळीने झाल्या. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००७ च्या अहवालात हेच सुचवलं होतं : प्रभागरचना आणि आरक्षण राज्य निवडणूक आयोगाकडे द्या.

पाचवं मतदारयादीचं. माझ्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. महापालिकेच्या प्रारूप यादीत त्यांचं नाव होतं, फोटोसकट. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं की ही यादी विधानसभेची आहे, आम्ही ती फक्त प्रभागांत विभागतो, नाव वगळायचं तर नमुना ७ भरून तिकडे द्या. नियमाने ते बरोबरच होतं. दिल्लीचा आयोग यादी करतो, राज्याचा आयोग ती फोडतो, आणि चूक दोघांच्या मधल्या फटीत पडून राहते. दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याची युक्ती राज्य आयोगाने केली, प्रयत्न प्रामाणिक असेल, पण तारा छापून नाव जात नाही. केंद्रावर बसलेल्या शिक्षिकेला एक जास्तीचं हमीपत्र भरून घ्यावं लागतं, एवढंच.

सहावं 'बिनविरोध'चं. जानेवारी २०२१ मध्ये उमराणे आणि खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा चक्क लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. या वेळी महापालिकांतही मतदानाआधीच कितीतरी नगरसेवक बिनविरोध झाले. सगळेच गैरमार्गाने झाले असं मी म्हणत नाही. पण राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये चांगला आदेश काढला होता : 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. जिथे मतपेटीच उघडत नाही तिथे या आदेशाचा काय उपयोग? उमेदवार एकटा उरला तरी त्याला 'नोटा'समोर उभं करा. गावाला तो हवा असेल तर गाव त्याला मत देईल.

बारीकसारीक आणखी पुष्कळ आहे. २ डिसेंबरला मतदान आणि मोजणी २१ ला, तोवर उमेदवारांनी यंत्रांवर रात्रीचे पहारे दिले, हे बरं दिसलं नाही. आणि मतदारांच्या बोटाला लावलेली ती मार्कर पेनची शाई! आम्ही काडीने नखाच्या मुळापासून शाई ओढायचो, महिनाभर बोट बघून लोक ओळखायचे. असो.

आता मागण्या. विधेयकाची भाषा मला येत नाही, साध्या मराठीत सांगते.

मुदत संपण्याआधीच्या अठरा महिन्यांत निवडणूक पद्धत, सदस्यसंख्या किंवा प्रभागांची संख्या बदलता येणार नाही, आणि हे बदल वटहुकमाने कधीच करता येणार नाहीत, असं कलम चारही कायद्यांत घाला : मुंबईचा १८८८ चा, इतर महापालिकांचा १९४९ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा, आणि जिल्हा परिषदांचा १९६१ चा. ग्रामपंचायतींचा १९५८ चा पाचवा, तो विसरू नका. गाव नेहमी शेवटी आठवतं.

प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्या. २०२२ ची दुरुस्ती मागे घ्या.

महापालिकांत एक प्रभाग, एक नगरसेवक. आरक्षणाचं चक्र किमान दोन निवडणुकांचं करा.

प्रशासक सहा महिन्यांच्या वर राहणार असेल तर त्याची कारणं दर अधिवेशनात सभागृहापुढे लेखी मांडली जावीत, आणि त्या काळात त्याने मोठे ठेके, जमिनींवरच्या आरक्षणांचे बदल, भूखंडांचे व्यवहार करू नयेत.

ओबीसींविषयीची माहिती गोळा करणारा आयोग कायमस्वरूपी असावा. निवडणूक आली की नेमायचा आणि अहवाल आला की गुंडाळायचा, असा नको.

राज्य निवडणूक आयुक्तांची निवड मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांच्या समितीच्या शिफारशीवरून व्हावी. हीदेखील २००७ च्या त्याच अहवालातली सूचना आहे. राज्यपालांची सही हवीच, पण नाव एकट्या सरकारने सुचवू नये.

'नोटा'चा २०१८ चा आदेश कायद्यात आणा आणि एकट्या उमेदवारालाही तो लागू करा.

मतदारयादीतला मयत किंवा स्थलांतरित मतदार स्थानिक निवडणुकीच्या वेळी कुठेही कळवला तरी तो अर्ज योग्य टेबलावर पोचवणं ही कार्यालयाची जबाबदारी असावी. विधवेने दोन कार्यालयांत मृत्यूचा दाखला घेऊन फिरायचं नाही.

यातली एकही मागणी कुठल्या एका पक्षाच्या सोयीची नाही. आज सत्तेत असलेल्यांना अडचणीची वाटेल ती उद्या विरोधात बसल्यावर उपयोगी पडेल. २०२० मध्ये जे थेट सरपंचाच्या बाजूने भांडत होते आणि जे विरोधात होते, त्यांनी त्या वेळची आपली भाषणं एकदा काढून वाचावीत. सभागृहाच्या कार्यवृत्तात ती आहेत.

तुम्ही विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८. या पत्राची प्रत आमच्या भागाच्या आमदारांना मी हाताने नेऊन दिली आहे. येत्या अधिवेशनात यातली कुठली मागणी तुम्ही मांडणार आणि कुठली मांडणार नाही, एवढं दोन ओळींत कळवलंत तरी चालेल. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. उत्तर आलं की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावीन, तिथे सध्या फक्त पाण्याच्या वेळा असतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि मतदार

ता. क. यजमानांचं नाव वगळण्याचा नमुना ७ भरून दिला आहे. पोच मिळाली. मतदानाच्या दिवशी त्यांची मतदार चिठ्ठी घरपोच आली होती, ती जपून ठेवली आहे.